बेचाळीसवर मोटर फिरत होती, पाणी मात्र तेरा फूट खालीच थांबलं होतं

काकाजींच्या बोरची मोटर एकाच हंगामात दोनदा जळली. पहिल्यांदा फेब्रुवारीत, दुसऱ्यांदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आणि दोन्ही वेळा पानठेल्यावर निकाल एकच लागला की त्या डब्यानंच जाळली. डबा म्हणजे व्हीएफडी, मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. आमच्या वरुड भागात चालत असला तर लोक त्याला ड्राइव्ह म्हणतात, मोटर जळली की मग तो नुसता डबा. माझं रोडवर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे, दोन्ही वेळा मोटर माझ्याकडंच आली, आणि आधीच सांगून टाकतो की पहिल्या वेळी मी पण चुकीचंच निदान केलं होतं.

काकाजी नात्यातले नाहीत, पण आमच्याकडं वडीलधाऱ्या शेतकऱ्याला काकाजीच म्हणतात. पाच एकर संत्रा, साडेपाचशे झाडं, आंबिया बहाराची. बोर ७५० फूट, मोटर ६०० फुटावर सोडलेली, साडेसात एचपी सबमर्सिबल, आणि पाणी टाकीत न घेता सरळ ठिबकला. वरुड-मोर्शीला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात ते संत्र्यामुळं, पण त्याच संत्र्यापायी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की आठशे-हजार फुटांच्या बोरचं आता कोणाला नवल वाटत नाही.

ड्राइव्ह घ्यायची कारणं तीन होती. एक, पूर्ण वेगानं मोटर चालली की दीड तासात बोरचं पाणी तुटायचं, मग तासभर बंद, मग परत चालू. दोन, व्होल्टेज. थ्री फेज लाइनला ४१५ व्होल्ट पाहिजेत, दुपारी आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ३४५ च्या वर काटा जात नाही. तीन, विकणाऱ्यानं सांगितलं होतं की बिल निम्म्यावर येईल, आणि हे तिसरं कारण ऐकून मला आजही हसू येतं कारण २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला बिलच नाही, मग निम्मं कशाचं करणार? पण माणूस सेल्समनसमोर बसला की असं काही सुचत नाही, मला पण नसतं सुचलं.

आता हा डबा करतो काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंडक्शन मोटरचा वेग दोन गोष्टींवर ठरतो, पोल म्हणजे वाइंडिंगनं तयार होणारे चुंबकाचे ध्रुव किती आणि लाइनची फ्रिक्वेन्सी किती. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल. सबमर्सिबल दोन पोलची असते म्हणजे ५० हर्ट्झवर ३०००, त्यातून थोडी घसर जाते आणि प्रत्यक्षात २८५०-२९०० च्या आसपास फिरते. पोल आपण बदलू शकत नाही, ते वाइंडिंगमध्ये पक्के झाले. राहिली फ्रिक्वेन्सी, आणि ती लाइनवर ५० च येते. म्हणून ड्राइव्ह आधी लाइनचा एसी डायोडमधून पार करून डीसी करतो, ४१५ ला १.४१४ नं गुणलं की साधारण ५८७ व्होल्ट डीसी, तो मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग आयजीबीटी नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून त्याच डीसीचे बारीक-जाड तुकडे पाडतो, असे की मोटरला वाटावं आपल्याला ४२ हर्ट्झची किंवा ३५ ची लाइन आली. त्या चालू-बंदमुळंच मोटर किरकिर करते. आणि एक, झाकण उघडायचं असेल तर लाइन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, तो कॅपॅसिटर लाइन गेल्यावरही भरलेला असतो आणि ५८७ व्होल्ट डीसी म्हणजे चेष्टा नाही.

फ्रिक्वेन्सी कमी करताना व्होल्टेज पण त्याच हिशोबात कमी करावं लागतं. ४१५ भागिले ५० म्हणजे दर हर्ट्झला ८.३ व्होल्ट. ४० हर्ट्झला ३३२ व्होल्ट. हे प्रमाण राखलं तर मोटरच्या लोखंडातलं चुंबकत्व जेवढ्यास तेवढं राहतं. व्होल्टेज जास्त झालं तर लोखंड भरून जातं आणि मोटर तापते, कमी झालं तर ताकद घटते आणि करंट वाढतो. हा ८.३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढं तोच अडवणार आहे.

डिसेंबरच्या शेवटी ड्राइव्ह बसला. बसवणाऱ्या मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी एक गोंधळ केला होता, जुन्या स्टार्टरच्या पेटीतला कॅपॅसिटर मोटरच्या बाजूला तसाच राहू दिला. ड्राइव्हच्या आउटपुटला कॅपॅसिटर कधीच चालत नाही, प्रत्येक तुकड्याला तो करंट गिळतो. चालू केलं की ओव्हरकरंट, चालू केलं की ओव्हरकरंट. चार वेळा ट्रिप झाल्यावर त्याला आठवलं, काढला. नशीब की आयजीबीटी वाचले.

मग त्यानं मोटर ५० वर चालवली. वेळ दुपारी दोनची, लाइनला ३४५ व्होल्ट, त्यामुळं मोटर १५-१६ अँपियर ओढायला लागली, नेमप्लेटवर १३. त्यानं बटण दाबत दाबत फ्रिक्वेन्सी खाली आणली, ४८, ४६, ४४, आणि ४२ ला अँपियर साडेनऊवर आले. ठिबकच्या फिल्टरवर दीड किलोचा दाब दिसत होता, नळ्यांना पाणी होतं, बोर पण तुटेना, दोन तास चालला, चार तास चालला. काकाजी खूश. मेकॅनिक ४२ कायम करून, चहा पिऊन निघून गेला. आणि खरं सांगू, त्या दिवशी त्या जागी मी असतो तर मी पण हेच केलं असतं. ३४५ भागिले ८.३ म्हणजे साडेएक्केचाळीस, म्हणजे त्या व्होल्टेजला ४२ हाच बरोबर आकडा होता. चूक आकड्यात नव्हती, तो आकडा तीन-चार महिने तसाच राहिला यात होती. पण ते नंतर.

फेब्रुवारीत मोटर जळली. काढली, घोडी आणि चेनपुली लावून सहाशे फूट पाइप वर घ्यायला माणसांचा अख्खा दिवस जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात आली. हंगाम होता, दुकानात आठ मोटरी पडलेल्या, मी उघडली, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारला, एक फेज बॉडीला लागलेला, म्हटलं लो व्होल्टेजनं गेली आणि तार काढायला पोराच्या हवाली केली. इथं चुकलो. लो व्होल्टेजनं जळालेल्या मोटरचे तिन्ही फेज सारखे काळे पडतात. लाइनचा एक फेज जाऊन जळाली तर स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेज काळे आणि एक कोरा करकरीत राहतो. या मोटरचं वाइंडिंग सगळं नवं दिसत होतं, फक्त एका फेजच्या लीडजवळच्या, म्हणजे लाइनची तार जिथं आत येते तिथल्या, पहिल्या दोन-तीन वेढ्यांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडलेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यात घेतलं नाही. तार ओवून दिली, मोटर परत सोडली.

मार्चपासून पाणी कमी वाटायला लागलं. काकाजींच्या पोरानं काढलेला अर्थ असा की ठिबकच्या नळ्या क्षारानं चोंदल्या, म्हणून त्यानं ॲसिड ट्रीटमेंट केली, नळ्या धुतल्या, फिल्टरची वाळू बदलली. दोन-चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर मात्र रोज न चुकता ४२.० आणि रन. एप्रिलच्या शेवटी रात्रपाळीचा आठवडा आला, रात्रीची थ्री फेज, ऑटोवर टाकून घरी झोपायचं. सकाळी वावरात गेले तर झाडांची पानं कोकडलेली, बुडाशी माती कोरडी फक्क, डब्यावर ४२.० रन. अशा तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री मोटर गेली.

यावेळी काकाजी स्वतः दुकानात आले. "तो डबा काढून फेक बाप्पा, माहा जुना स्टार्टरच बरा होता. काऊन नाई जळणार मोटर, रातभर किरकिर करते थो."

या वेळी मी घाई केली नाही. मोटर उघडली तर चित्र एकदम वेगळं. तिन्ही फेज सारखे भाजलेले, तारेवरचं प्लास्टिक नरम होऊन एकमेकाला चिकटलेलं. सबमर्सिबलच्या पाण्यातल्या वाइंडिंगला पीव्हीसीचं कवच असलं तर सत्तर डिग्रीच्या पुढं त्याचा भरवसा नसतो. खाली मोटरचा उभा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या पॅडवर गोल गोल ओरखडे. म्हणजे एकाच बोरमध्ये, एकाच डब्यावर, एकच मोटर दोन वेळा दोन वेगळ्या रोगांनी मेली होती. आणि मी पहिल्या वेळी रोगच बघितला नव्हता.

धागा कुठं सापडला सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर बघायला वावरात गेलो, साडेसात वाजले असतील. शेजारच्या धुऱ्यापलीकडं सोलर पंप आहे, त्याची मोटर चालू असल्याचा आवाज कंट्रोलरमधून येत होता पण पाइप कोरडा. मी सहज त्या भाऊला विचारलं, पाणी कुठं गेलं? तो म्हणाला, "थे तर रोजचंच हाय. मोटर साडेसातलेच फिरते, पण सूर्य वर चढल्याशिवाय पाणी फेकत नाई." कंट्रोलरवर बघितलं तर ३८ हर्ट्झ. सव्वानऊला परत गेलो, ४४ हर्ट्झ, आणि पाइपातून बारीक धार. साडेदहाला ४९, धार जोरात. सोलर कंट्रोलर म्हणजे आतून व्हीएफडीच, फक्त त्याला डीसी पॅनलमधून मिळतो आणि ऊन जेवढं तेवढीच फ्रिक्वेन्सी तो देऊ शकतो. गावातल्या प्रत्येक सोलरवाल्याला हे माहीत आहे की मोटर फिरणं आणि पाणी येणं या दोन गोष्टी आहेत. आणि इकडं काकाजी तीन रात्री डिस्प्लेवर रन बघून निश्चिंत झोपत होते.

कारण असं की पंपाचा वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण पाणी चढवायची उंची वर्गाच्या हिशोबात कमी होते आणि पॉवर घनाच्या. ५० चे ४० केले म्हणजे वेग ८० टक्के, उंची ६४ टक्के, पॉवर ५१ टक्के. विकणारा तुम्हाला फक्त ५१ सांगतो. ६४ कोणी सांगत नाही. कारखान्यातल्या ब्लोअरला, कूलरच्या पंख्याला, जिथं हवा नुसती फिरवायची असते आणि काही उचलायचं नसतं तिथं त्या ५१ चे खरंच पैसे होतात. बोरमध्ये पाणी उचलायचं असतं. आणि ड्राइव्ह मोटरचा वेग कमी करतो, बोरची खोली कमी करत नाही.

हे नुसतं तोंडी सांगून काकाजी मानणार नव्हते, म्हणून मोटर भरून परत सोडल्यावर मोजमाप केलं. दोन तारांना वजन बांधून केसिंगमधून खाली सोडल्या, पाण्याला लागल्या की मीटर वाजतो. ४४० फुटाला वाजला, म्हणजे १३४ मीटर. मग व्होल्टेज चांगलं असताना मोटर ५० वर चालवून तोंडाचा व्हॉल्व्ह अर्धा मिनिट पूर्ण बंद केला आणि गेज बघितला, ५ किलो. एक किलो दाब म्हणजे दहा मीटर, म्हणजे ५० मीटर. १३४ आणि ५० मिळून १८४ मीटर, ही त्या पंपाची ५० हर्ट्झवरची कमाल उंची. यापुढं तो थेंबभर पाणी वर नेऊ शकत नाही. हा प्रयोग कोणीही करू शकतो, फक्त अर्ध्या मिनिटाच्या वर व्हॉल्व्ह बंद ठेवायचा नाही.

आता ४२ हर्ट्झला काय होतं ते बघा. ४२ भागिले ५० म्हणजे ०.८४, त्याचा वर्ग ०.७०५, गुणिले १८४, उत्तर १३० मीटर. पाणी १३४ मीटर खाली. चार मीटर कमी, म्हणजे तेरा फूट. मोटर सगळी ताकद लावून पाणी जमिनीखाली तेरा फुटांपर्यंत आणत होती आणि तिथंच अडकत होती, फिल्टरचा दीड किलो तर दूरच राहिला. त्यातून पंपावरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आधीच्या पाण्यानं भरलेला पाइप धरून बसतो, त्याच्यावर पूर्ण १३४ मीटरचं वजन, खालून धक्का १३० चा, तो उघडणारच कसा?

डिसेंबरात मोटर सोडली तेव्हा पाणी ३०० फुटाला लागलं होतं, पोराला ते पक्कं आठवत होतं. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, फिल्टरचे १५ मिळवा, १०६. तेवढ्याला ३८ हर्ट्झ पुरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत ४२ ला मजेत पाणी आलं. मग पातळी उतरत गेली आणि लागणारी फ्रिक्वेन्सी चढत गेली, कोणाला दिसलं नाही कारण डिस्प्लेवर आपण दिलेली फ्रिक्वेन्सी दिसते, लागणारी दिसत नाही. नळ्यांचा, क्षाराचा काही दोष नव्हता, ॲसिड उगाच गेलं.

पाणी हलत नसताना मोटर जळते ती का? वर ठेवलेल्या मोटरला मागं पंखा असतो, सबमर्सिबलला नसतो, अंगावरून सरकणारं पाणी हेच तिचं कूलर. ते थांबलं की खेळ संपला. ड्राइव्हवर किलोवॉट बघता येतो, जानेवारीत ४ च्या आसपास असायचा असं पोरगा म्हणाला, आणि मी व्हॉल्व्ह बंद करून ४२ वर क्षणभर बघितलं तेव्हा २.४. हे २.४ किलोवॉट कोणतंही काम न करता सगळे उष्णतेत जातात, म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचे दोन रॉड सहाशे फुटांवर रात्रभर चालू.

आणि ड्राय रन ट्रिप, म्हणजे पाणी नसलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय, कुठं होती? ड्राइव्हमध्ये अंडरलोडची सेटिंग होती, मेकॅनिकनं ती बंद ठेवलेली. त्याचं म्हणणं, सारखी विनाकारण ट्रिप व्हायची. व्हायचीच, कारण त्यानं ती अँपियरवर लावलेली होती. सबमर्सिबलमध्ये चुंबकत्वालाच बराच करंट लागतो, त्यामुळं भार अर्ध्यावर आला तरी अँपियर तेवढे पडत नाहीत, साडेनऊचे सात-साडेसात होतात आणि व्होल्टेज हललं तरी तेवढाच फरक पडतो. किलोवॉट मात्र सरळ ४ चा २.४ होतो, तिथं फसायला होत नाही. जाता जाता, ड्राइव्हच्या आउटपुटला स्वस्तातला टाँग टेस्टर किंवा मीटर लावून आकडे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, त्या तुकड्यांच्या लाटेला ते मीटर भलतंच वाचतं. ड्राइव्हचा स्वतःचा आकडा बरा.

आता मोटर पहिल्यांदा जळली ते. ती टाचणीची भोकं. ड्राइव्हमधून निघणारा प्रत्येक तुकडा एकदम उभा चढतो, शून्यावरून ५८७ वर एका सेकंदाच्या कोट्यंशात म्हणा, आणि केबल लांब असली की तो मोटरच्या तोंडावर आपटून परत फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर येते तसा, आणि येणारा आणि फिरणारा एकावर एक चढून मोटरच्या टर्मिनलवर दुपटीपर्यंत जातो. ५८७ चे जवळपास ११७०. केबल दहा-पंधरा मीटर असली तर हे फारसं होत नाही. काकाजींची पेटीपासून मोटरपर्यंत सव्वासातशे फूट, २२० मीटर. तो मार सगळ्या वाइंडिंगवर सारखा वाटला जात नाही, लीडजवळचे पहिले वेढेच खातात. लो व्होल्टेज म्हणून मी जिला निकाली काढलं ती मोटर खरं तर हाय व्होल्टेजनं गेली होती.

यावर उपाय म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुटला फिल्टर. तुकड्यांची चढण सौम्य करणारा साधा फिल्टर असतो आणि पूर्ण लाट गोल करून देणारा साइन फिल्टर असतो. एवढ्या लांब केबलला आणि पाण्यातल्या वाइंडिंगला मी साइन फिल्टरच घ्या म्हटलं. किंमत ऐकून काकाजी म्हणाले, "डब्यापेक्षा डब्याचा फुंदा महाग." तरी दुसऱ्यांदा मोटर काढायची मजुरी आणि माझं वाइंडिंगचं बिल शेजारी ठेवल्यावर घेतला. कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ते स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात तो आकडा, पण फिल्टरच्या कागदावर लिहिलेली ठेवली, मनानं कमी-जास्त केली की साइन फिल्टर स्वतःच तापतो.

थ्रस्ट पॅडचे ओरखडे हा तिसराच प्रकार. त्या बेअरिंगला वंगण पाण्याचं, आणि पाण्याचा थर वेगानंच तयार होतो. बऱ्याच सबमर्सिबल कंपन्या ३० हर्ट्झच्या खाली मोटर रेंगाळू देऊ नका म्हणतात. मेकॅनिकनं सॉफ्ट स्टार्ट म्हणून शून्यापासून चढायला तीस सेकंद लावलेले, म्हणजे दर वेळी पॅड अठरा सेकंद कोरडा घासायचा, आणि आमच्या लाइनला रात्रीतून आठ-दहा वेळा झटके, ऑटो परत चालू करणार. आता ३० पर्यंत एका-दीड सेकंदात आणि पुढं सावकाश.

पेटीबद्दल पण सांगायला पाहिजे. पत्र्याची पेटी पश्चिमेकडं तोंड करून उभी. बाहेर ४५, आत हात लावला तर चटका. बहुतेक ड्राइव्हची पूर्ण ताकद ४० डिग्रीपर्यंतच धरलेली असते, पुढं ती कमी धरावी लागते. दुपारी ओव्हरहीट ट्रिप व्हायची म्हणून पोरानं पेटीवर ओलं बारदान टाकलेलं, वरून अर्ध्या तासाला पाणी मारायचा. डेझर्ट कूलर केला होता त्याचा. मी बघितलं तेव्हा बारदानाचं पाणी केबलच्या भोकातून आत ठिबकत होतं. काही बोललो नाही, आधी मेन खाली केला. पेटी कडुलिंबाखाली सावलीला नेली, वर हातभर उंच दुसरा पत्रा, भोकांना जाळी, कारण पाली आत शिरतात आणि पाल शिरली की ती पण जाते आणि ड्राइव्ह पण जातो.

हे सगळं झालं, पण खरी अडचण यानंतरच उभी राहिली. ४४० फूट आणि ठिबकच्या फिल्टरचे १५ मीटर मिळून १४९, त्याला बरोबर ४५ हर्ट्झ लागतात. पण तेवढ्यात पाणी नुसतं तोंडाशी येऊन उभं राहील. मोटर चालली की बोरची पातळी अजून वीस-तीस फूट खाली जाते, म्हणून वर दोन धरून ४७. ४७ गुणिले ८.३ म्हणजे ३९० व्होल्ट. दुपारी लाइनला ३४५. व्होल्टेज म्हणतं ४२ च्या वर जाऊ नको, बोर म्हणतो ४५ च्या खाली येऊ नको. ड्राइव्ह आलेलं व्होल्टेज वाढवू शकत नाही, तो काही स्टॅबिलायझर नाही. काकाजींनी तो ज्या लो व्होल्टेजसाठी घेतला होता तिथंच तो हात वर करतो, निदान एवढ्या खोल बोरमध्ये.

मग ठरवलं की दुपारी चालवायचंच नाही. रात्री बाराच्या पुढं डीपीवर ३९५ पर्यंत मिळतं, दिवसपाळीच्या आठवड्यात सकाळचे पहिले दोन-तीन तास ३८० असतं. इनपुटला व्होल्टेज रिले ३७० वर लावला, खाली गेलं की बंद. ३८० ला ४७ वर थोडं कमीच पडतं पण मोटर सोसते. कमीत कमी फ्रिक्वेन्सी ४५ ला लॉक, म्हणजे कोणी बटण दाबत बसलं तरी खाली येणार नाही. अंडरलोड किलोवॉटवर, भार ठरवलेल्या आकड्याच्या खाली वीस सेकंद राहिला की ट्रिप आणि परत चालू व्हायला एक तास. दाबाचा सेन्सर लावून ड्राइव्हनं आपोआप वेग ठरवायचा असं पण करता येतं, पण तो खर्च काकाजींनी पुढच्या वर्षावर ढकलला, मी पण जोर केला नाही, कारण सेन्सर मेला की काय होईल हे समजून घेणारं वावरात कोणी नसतं.

मग व्हीएफडीचा फायदा काय झाला असं काकाजींनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. ४७ वर पाणी थोडं कमी पण बोर तुटत नाही, पाच-सहा तास सलग चालतो, सगळ्या झाडांना एकसारखं जातं. चालू-बंदचा धक्का नाही, त्यामुळं पाइपला पाण्याचा दणका नाही. पण हजार लिटर पाण्यामागं युनिट जवळपास पहिल्याइतकेच, कारण उंची तीच. आणि खरं बोलायचं तर बोर तुटू नये एवढंच पाहिजे असेल तर तोंडाचा व्हॉल्व्ह थोडा दाबून पण ते होतं, फुकटात. एखाद्यानं मला आधी विचारलं असतं तर एवढ्या खोल बोरला, साइन फिल्टरचे पैसे धरून, मी ड्राइव्ह घ्या असं पटकन म्हटलं नसतं. शंभर-दीडशे फुटांच्या विहिरीवर वेगळी गोष्ट.

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून दिला. ३०० फुटाला ३८, ३४० ला ४०, ३८० ला ४२ च्या थोडं वर, ४२० ला ४४, ४४० ला ४५, ४६० ला ४६, आणि यात नेहमी दोन मिळवायचे. साधारण वीस फुटाला एक हर्ट्झ. दर पंधरा दिवसांनी तार सोडून पातळी बघायची आणि कागद बघून आकडा लावायचा, ४५ चं लॉक पण त्याच हिशोबात हलवायचं. हा हिशोब फक्त त्या पंपाचा आहे, तुमच्या बोरला तुमचा गेज लावावा लागेल.

मे-जून निघून गेले. पोळ्याच्या चार दिवस आधी काकाजींचा फोन आला, पावसानं पंधरा दिवसांपासून दडी मारली होती, बोर चालवावा लागणार होता. "आता पाऊस झाला, पाणी वर आलं असन, बेचाळीसवर ठेवतो." मी म्हटलं, काकाजी, तार सोडली का? फोन तसाच चालू ठेवून त्यांनी पोराला हाक मारली, मागं केसिंगवर तार घासल्याचा आवाज, आणि बऱ्याच वेळानं मीटरची शिट्टी.

"तीनशे ऐंशी."

"मग चव्वेचाळीस लावा."